विश्लेषण : रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गाचा कोरडेपणा… ‘नैसर्गिक’ उपायांपैकी उपयोगी कोणते, घातक कोणते?

पाळी थांबल्यानंतर सुमारे निम्म्या स्त्रियांना हा त्रास होतो, पण त्यावर बोलणाऱ्या फार थोड्या. तेल, तूप, शतावरी, सोयाबीन यांपैकी कशामागे पुरावा आहे? आणि डॉक्टरांकडे कधी जायलाच हवे?

‘पाळी गेली, सुटले बाई एकदाची!’ पन्नाशीच्या आसपास हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. दर महिन्याची मोजदाद, दुखणारी कंबर, लग्नकार्यात नेमकी ‘अडचण’ येईल का याची धास्ती, सगळे एकदम संपते. मात्र त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत अनेकींना वेगळाच त्रास जाणवू लागतो. योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, खाज सुटते, संबंधाच्या वेळी ओरखडल्यासारखे दुखते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो याबद्दल मैत्रिणींमध्ये बोलले जाते. याबद्दल मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगितले जात नाही. मग शोध सुरू होतो तो मोबाइलवर, आणि उत्तरे येतात ती घरगुती लेपांची आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूलची.

त्रास नेमका कोणता?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. त्यानंतर योनीमार्ग, योनीच्या बाहेरची त्वचा आणि मूत्रमार्ग या तिन्ही ठिकाणी बदल होतात. म्हणून २०१४ मध्ये या क्षेत्रातील दोन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी ‘योनीशोष’ अशा अर्थाचे जुने नाव मागे ठेवून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ (जीएसएम) हे नवे नाव स्वीकारले. त्यात ‘युरिनरी’ हा शब्द मुद्दाम आहे. वारंवार लघवीला जावे लागणे, लघवी करताना जळजळ, एकदम घाई होणे, पुन्हा पुन्हा मूत्रसंसर्ग होणे हेही याच त्रासाचे भाग असू शकतात.

त्यामुळे हा फक्त वैवाहिक संबंधांचा प्रश्न आहे हा समज चुकीचा आहे. विधवा, एकट्या राहणाऱ्या किंवा संबंध थांबलेल्या स्त्रियांनाही तो होतो. चालताना, बराच वेळ बसताना, घट्ट कपडे घातल्यावर आग होणे, पुसताना त्वचा सोलवटणे अशा तक्रारी असतात. ‘आता या वयात काय करायचंय’ असे म्हणून विषय झटकला जातो, तेव्हा यातल्या कितीतरी जणींचे दुखणे मोजलेच जात नाही.

असे का होते?

अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनीमार्गाचे अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर ठेवते. या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. त्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे पाळीच्या वयात योनीमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका, म्हणजे आम्लधर्मी असतो. अपायकारक जंतूंना तिथे सहज थारा मिळत नाही.

इस्ट्रोजेन घटले की ही साखळी तुटते. अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा कमी होतो, ग्लायकोजेन घटते, उपकारक जिवाणू कमी होतात आणि पीएच पाचच्या वर जातो. पातळ अस्तराला थोड्या घर्षणानेही चिरा पडतात. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतात. कोरडेपणाचे तसे नाही. उपाय केला नाही तर तो आपोआप जात नाही, उलट हळूहळू वाढत जातो. ‘थोडे दिवस सहन कर, जाईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही तो यासाठी.

भारतात, महाराष्ट्रात वेगळे काय?

पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, तर भारतात ते ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडची स्त्री चार-पाच वर्षे आधीच या टप्प्यावर येते आणि आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे इस्ट्रोजेनच्या अभावात काढते.

त्यात ‘पिशवी काढण्या’च्या शस्त्रक्रियांची भर पडते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एका रात्रीत येते आणि त्रास अधिक तीव्र असतो. अंडाशये ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यात तिशी-पस्तिशीतल्या स्त्रियाही होत्या. शस्त्रक्रिया कशासाठी झाली याची चर्चा झाली. त्यानंतर शरीरात काय बदल होतील आणि त्यावर काय करायचे, हे या स्त्रियांना कुणी सांगितले, हा प्रश्न मागेच राहिला. अंडाशये काढली आहेत की ठेवली आहेत, हे कागदपत्रांत पाहून घेणे प्रत्येक शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीसाठी आवश्यक आहे.

स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. त्या शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेनही कमी करतात. त्यामुळे या रुग्णांना कोरडेपणा फार जाणवतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरील काही औषधे यांनीही त्यात भर पडू शकते. मात्र डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी बंद करू नये.

सर्वांत पहिला उपाय कोणता?

पहिला उपाय काही लावण्याचा नसून लावणे थांबवण्याचा आहे. आग आणि खाज सुरू झाली, की ‘स्वच्छता कमी पडतेय’ असा समज होतो आणि साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ यांचा मारा सुरू होतो. आधीच पातळ झालेल्या अस्तराला हे सगळे आणखी कोरडे करतात. योनीमार्ग आतून धुण्याची गरज नसते. बाहेरची त्वचा साध्या कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घेणे पुरेसे आहे. टाल्कम पावडर, सुगंधी पुसण्या, रोजचे सुगंधी पॅड टाळावेत. सुती अंतर्वस्त्रे वापरावीत आणि कपडे धुतल्यावर साबण नीट निघेल इतके खळबळून घ्यावेत.

तुरटीचे पाणी हा आपल्याकडचा विशेष धोकादायक प्रकार. ‘घट्ट’ करण्यासाठी म्हणून तो सुचवला जातो. तुरटी उतींना आकसवते आणि ओलावा शोषून घेते, म्हणजे जो त्रास आहे तोच वाढवते. लिंबू, व्हिनेगर, बेकिंग सोडा, लसूण, हळद, मध योनीमार्गात लावण्याचे सल्लेही समाजमाध्यमांवर फिरतात. ते जळजळ वाढवतात, काहींमुळे जखमही होऊ शकते. ‘उपकारक जिवाणू मिळतात’ म्हणून दही आत लावण्याचा सल्ला दिला जातो. पण खाण्याच्या दह्यातील जिवाणू योनीमार्गात टिकून राहतात आणि कोरडेपणा घालवतात असे सिद्ध झालेले नाही. दही ताटातच बरे.

भरपूर पाणी प्यायल्याने हा कोरडेपणा जातो, हाही गैरसमजच. पाणी लघवीच्या संसर्गापासून बचावाला मदत करते, पण अस्तर पातळ होण्याचे कारण पाण्याची कमतरता नाही.

मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट यांत फरक काय?

संप्रेरक नसलेल्या उपायांपैकी सर्वाधिक भरवसा याच दोहोंवर ठेवता येतो आणि नेमका त्यांच्यातच घोळ होतो. ल्युब्रिकंट म्हणजे वंगण. ते संबंधाच्या वेळी, आयत्या वेळी लावायचे. घर्षण कमी करणे एवढेच त्याचे काम. योनीमार्गासाठीचे मॉइश्चरायझर नियमित लावायचे असते. संबंध असोत वा नसोत, आठवड्यातून दोन-तीन वेळा, शक्यतो रात्री झोपताना. ते अस्तराला चिकटून राहते आणि ओलावा धरून ठेवते. हायल्युरोनिक आम्ल किंवा पॉलिकार्बोफिल हे त्यातले नेहमीचे घटक. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. फक्त आत न लावता योनीमुखाशी आणि बाहेरच्या नाजूक त्वचेवरही लावावे, कारण अनेकींची मुख्य जळजळ तिथेच असते.

याबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक अमेरिकी चाचणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या ३०२ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी आणि साधे जेल, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी आणि मॉइश्चरायझर, तर तिसऱ्याला औषध नसलेली गोळी आणि साधे जेल देण्यात आले. बारा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील स्त्रियांचा सर्वांत जाचक त्रास जवळपास सारखाच कमी झाला होता. इस्ट्रोजेन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. इतर अनेक चाचण्यांत त्याचा फायदा दिसला आहे. मात्र साधे जेल नियमित लावल्यानेही फरक पडतो, एवढे यातून नक्की कळते. सुरुवात इथून करायला हरकत नाही.

विकत घेताना काय पाहावे?

पाण्यावर आधारित, सुगंध नसलेले, ‘गरम’ किंवा ‘थंड’ संवेदना देण्याचा दावा न करणारे उत्पादन निवडावे. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेली वंगणे दाट असतात. ती पेशींतून पाणी ओढून घेतात आणि आग वाढवतात. या गुणधर्माला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ मधील सूचनेनुसार ती शक्यतो ३८० पेक्षा कमी असावी, आणि फारतर १२०० पर्यंत चालवून घ्यावी. पीएच साधारण ४.५ असावा. वेष्टनावर हे आकडे सहसा नसतात, त्यामुळे घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ते टाळलेले बरे.

सिलिकॉनवर आधारित वंगण जास्त वेळ टिकते आणि पाणी ओढून घेत नाही. ज्यांना पाण्याचे वंगण लगेच सुकते असे वाटते त्यांना ते सोयीचे. कोणतेही नवे उत्पादन आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून एक दिवस पाहावे. चेहऱ्यासाठीचे कोरफड जेल, बॉडी लोशन किंवा केसांचे सुगंधी तेल योनीमार्गासाठी वापरू नये. त्यात रंग, अत्तर आणि अल्कोहोल असू शकते. लाळ वापरण्याची सवयही सोडावी. ती क्षणात सुकते आणि तोंडातले जंतू तिथे नेते.

दुकानात मागायला संकोच वाटतो, हे खरे आहे. ही जेल औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात आणि ऑनलाइनही मागवता येतात. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिले तर फक्त कागद पुढे करता येतो.

खोबरेल तेल, तूप चालते का?

घरात असलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावलेले खोबरेल सर्वांत आधी आठवते. बाहेरच्या त्वचेला शुद्ध, बिनवासाचे खोबरेल लावल्याने कोरडी त्वचा मऊ पडते आणि बहुतेकींना त्याचा अपाय होत नाही. योनीमार्गाच्या आतल्या वापराबाबत मात्र मोठ्या, चांगल्या चाचण्या झालेल्या नाहीत. तेल घर्षण कमी करते. पातळ झालेले अस्तर ते पुन्हा जाड करत नाही.

तेल, तूप आणि व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली यांमुळे लेटेक्सचे निरोध कमकुवत होऊन फाटू शकतात, हे ध्यानात ठेवावे. पाळी पूर्ण थांबण्याआधीच्या, अनियमित पाळीच्या काळात गर्भ राहू शकतो, तेव्हा हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. लॉस एंजेलिसमधील स्त्रियांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योनीमार्गात पेट्रोलियम जेली वापरणाऱ्यांमध्ये जिवाणूजन्य योनीदाहाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले, तर तेल वापरणाऱ्यांमध्ये बुरशीचे प्रमाण अधिक दिसले. ज्यांना मधुमेह आहे किंवा वारंवार बुरशीचा संसर्ग होतो त्यांनी तेलापासून दूरच राहावे.

आयुर्वेदात औषधी तेलात भिजवलेला बोळा योनीमार्गात ठेवण्याची ‘योनीपिचू’ ही पद्धत आहे. त्याबाबत मोठ्या चाचण्यांचा आधार तोकडा आहे. ती करायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली करावी. घरी कापसाचा बोळा तेलात बुडवून ठेवण्याचा प्रयोग संसर्गाला आमंत्रण ठरू शकतो.

सोयाबीन, जवस, शतावरीने फरक पडतो?

सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन आणि जवसातील लिग्नान यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. शरीरातील इस्ट्रोजेनशी त्यांची रचना थोडीफार जुळते, परिणाम मात्र खूप सौम्य असतो. २०१६ मध्ये ६२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनमुळे अंगातून निघणाऱ्या वाफा आणि योनीमार्गाचा कोरडेपणा थोडा कमी झाल्याचे दिसले, पण मूळ चाचण्यांचा दर्जा सारखा नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या आणखी एका पद्धतशीर आढाव्यात योनीमार्गातील इस्ट्रोजेन, डीएचईए हे संप्रेरक आणि मॉइश्चरायझर यांच्या बाजूने पुरावा सापडला; इतर पूरक उपायांबाबत ठाम सांगण्याइतका पुरावा नव्हता.

म्हणून जवसाची चटणी, सोयाबीनची उसळ किंवा टोफू आहारात असू द्यावे. प्रथिने, तंतू आणि चांगली चरबी मिळते, तो फायदा आहेच. त्याने कोरडेपणा जाईल या भरवशावर मात्र वर्षभर थांबू नये. आहारातले सोयाबीन आणि गोळ्यांमधला दाट अर्क यांतही फरक आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्यांनी असे अर्क कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शतावरी आपल्या घरांना बाळंतिणीच्या शतावरी कल्पामुळे परिचित आहे. रजोनिवृत्तीच्या त्रासांवरही ती सुचवली जाते, पण योनीमार्गाच्या कोरडेपणावर तिचा परिणाम मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. बाजारातील कल्पात साखर भरपूर असते, हे मधुमेहींनी पाहावे. ‘सीबकथॉर्न’ या लडाखमध्येही उगवणाऱ्या झुडपाच्या फळांच्या तेलावर फिनलंडमध्ये चाचणी झाली. तीन महिने रोज तीन ग्रॅम तेल पोटात घेतलेल्यांमध्ये अस्तराच्या स्थितीत थोडी सुधारणा सूचित झाली, पण ती एकच लहान चाचणी आहे. ई जीवनसत्त्वाच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांवरही इराणमध्ये लहान चाचण्या झाल्या आहेत. त्या वाचून पोटात घ्यायची कॅप्सूल फोडून आत लावणे योग्य नाही.

‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ असे लिहिलेले सगळे निर्धोक असते असे मानू नये. रक्त पातळ करण्याच्या, थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर कोणतीही पूरक कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.

व्यायाम आणि जवळीक यांचा उपयोग होतो?

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम लघवीवरील ताबा सुधारतात. कॅनडातील एका छोट्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या अशा प्रशिक्षणानंतर कोरडेपणा आणि दुखण्याच्या तक्रारीही कमी झाल्या. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी व्यायामाला खर्च नाही आणि अपायही सहसा नाही. एक काळजी मात्र घ्यावी. दुखण्याच्या भीतीने अनेकींचे हे स्नायू आधीच आखडलेले असतात. अशा वेळी आवळण्यापेक्षा ते सैल सोडायला शिकणे महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी.

जवळीक टिकली तर त्या भागाचा रक्तपुरवठा टिकायला मदत होते, हे खरे. पण म्हणून दुखत असतानाही सहन करत राहणे हा उपाय नाही. त्याने चिरा पडतात, भीती बसते आणि दुरावा वाढतो. शरीराला ओलावा यायला आता पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो. कोरडेपणा म्हणजे प्रेम आटले किंवा इच्छा नाही असा अर्थ होत नाही. हे नवऱ्याला माहीत असणे तितकेच आवश्यक आहे. आधी अधिक वेळ, वंगणाचा वापर आणि दुखले तर थांबण्याची मोकळीक, एवढ्याने बऱ्याच जोडप्यांचा ताण कमी होतो.

धूम्रपानामुळे इस्ट्रोजेन घटते आणि रजोनिवृत्ती लवकर येते. ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रिया मिश्री लावतात, तीही तंबाखूच आहे. ती सोडण्याला तोंडाच्या कर्करोगाचे एक कारणच पुरे.

इस्ट्रोजेनच्या मलमाची भीती रास्त आहे का?

दोन-तीन महिने मॉइश्चरायझर नियमित लावूनही आराम नसेल, किंवा लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल, तर योनीमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. भारतात एस्ट्रिऑलचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ते पातळ झालेले अस्तर पुन्हा जाड करते आणि पीएच खाली आणते. जे संप्रेरक शरीर स्वतः बनवत होते तेच, नेमक्या जागी, थोड्या प्रमाणात परत देणे हे त्याचे स्वरूप आहे. नैसर्गिक उपाय हवा म्हणून त्याला नकार देणारीने हेही विचारात घ्यावे.

मूत्रसंसर्गाबाबतचा पुरावा तर जुना आहे. इस्रायलमधील ९३ स्त्रियांवरील १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर औषध नसलेले मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. तरीही आजही साठीतल्या स्त्रीला वर्षात चार-पाच वेळा प्रतिजैविके दिली जातात आणि मूळ कारण कुणी विचारत नाही.

भीतीचे मूळ २००२ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात तोंडावाटे घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसले आणि तो इशारा योनीमार्गातील मलमांच्या वेष्टनावरही छापला गेला. या मलमातून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते. त्याच प्रकल्पातील ४५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये कर्करोग किंवा हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला नाही. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर मात्र निर्णय कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. अशांसाठी मॉइश्चरायझर आणि वंगण हाच पहिला पर्याय आहे.

लेझर उपचारांचे काय?

‘औषधाविना, नैसर्गिक तारुण्य’ अशी जाहिरात करणारे योनीमार्गाचे लेझर उपचार शहरांतील दवाखान्यांत महागड्या दरांत दिले जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच अशा यंत्रांच्या दाव्यांबाबत इशारा दिला होता. भाजणे, व्रण आणि कायमचे दुखणे अशा तक्रारी आल्या होत्या. सिडनीत ८५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरे लेझर आणि लेझरचा नुसता देखावा यांच्या परिणामांत वर्षभरानंतरही फरक दिसला नाही. या उपचारावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा.

डॉक्टरांकडे कधी जायलाच हवे?

पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर एक थेंब जरी रक्त गेले, तरी घरगुती उपाय न करता तपासणी करून घ्यावी. बहुतेकदा कारण पातळ झालेले अस्तर हेच असते. पण अशा रक्तस्रावाच्या दहापैकी साधारण एका स्त्रीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि तो लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. दुर्गंधीयुक्त किंवा रंगीत स्राव, न भरणारी जखम, गाठ, बाहेरच्या त्वचेवर पांढरे चट्टे आणि रात्री झोप उडवणारी खाज, लघवीतून रक्त यांपैकी काहीही असेल तरी थांबू नये. पांढऱ्या चट्ट्यांमागे ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा त्वचाविकार असू शकतो, त्याचा उपचार वेगळा आहे. सतत खाज असेल तर रक्तातील साखर तपासावी. डोळे आणि तोंडही कोरडे पडत असेल तर तेही सांगावे.

तपासणी दुखेल म्हणून अनेक जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी टाळतात. ‘मला कोरडेपणा आहे, लहान उपकरण वापरा, सावकाश करा’ असे आधी सांगितले तर तपासणी बरीच सुसह्य होते.

विषय काढायचा कसा?

दवाखान्यात नवरा, मुलगा किंवा सून सोबत असते, बाहेर रांग असते, आणि गुडघे व रक्तदाब यांतच वेळ संपतो. अशा वेळी ‘पाळी गेल्यापासून खाली कोरडे पडते, आग होते’ एवढे एक वाक्य पुरते. बोलणे अवघड वाटत असेल तर ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. सोबत आलेल्यांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे. किती दिवसांपासून, लघवीचा त्रास आहे का, पिशवी काढली आहे का, कोणत्या गोळ्या सुरू आहेत आणि आतापर्यंत काय काय लावून पाहिले, हे सांगितले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. शेवटचा मुद्दा लपवू नये. तुरटी किंवा तेल लावले असेल तरी सांगावे.

आणि डॉक्टरांनीही चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीला, ती विवाहित आहे की एकटी हे न पाहता, हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा. साबण थांबवणे, आठवड्यातून दोन-तीनदा साधे जेल आणि गरज पडल्यास थोडे मलम, एवढ्यावर जो त्रास बहुतेकींचा आटोक्यात येऊ शकतो, तो केवळ विचारले नाही आणि सांगितले नाही म्हणून पंचवीस वर्षे सोसण्याचे कारण नाही.